दम आधी परततो, पाय नंतर

पाच-सात वर्षं पळणं बंद पडलेलं असतं आणि एक दिवस पुन्हा सुरू होतं. पहिल्याच सकाळी पाचशे मीटरवर धाप लागते आणि वाटतं, आपली अडचण दमाची आहे. माझ्या वहीतल्या नोंदी आणि सोबत पळणाऱ्या सात-आठ जणांचे अनुभव समोर ठेवले, तर दमामुळे परत फिरलेला त्यात एकही नाही. दम तीन-चार आठवड्यांत ताळ्यावर येतो. दुखावतात नडग्या, टाचा आणि गुडघे. तेही सहसा चौथ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे नेमकं छान वाटायला लागल्यावर.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं वेळापत्रक आपोआप पटतं. पळणं सुटलं की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. सरावातल्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तीन आठवड्यांत साधारण ७ टक्के आणि दोन-तीन महिन्यांत १६ टक्क्यांच्या आसपास उतरते. परत सुरू केल्यावर सर्वांत आधी भरून येतो तो हाच प्लाझ्मा. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदम हलकं वाटतं. स्नायूंना जुनी ओळख असते, तेही बऱ्यापैकी लवकर सावरतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरांना, म्हणजे कंडरांना, रक्तपुरवठाच कमी, त्यांना महिने लागतात. हाडाचं तर आणखी वेगळं. नवा भार आला की शरीर आधी हाडातला जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवा भरतं. या एका फेरीला तीन-चार महिने जातात आणि मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. त्याच आठवड्यांत दम परतलेला असतो. इंजिन जोरात आणि चाकं कच्ची, असा तो काळ. परतणाऱ्याचं सगळं कौशल्य म्हणजे हा काळ न मोडता काढणं.

आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. चढ चढताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल, तर वयाचा प्रश्नच नाही. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली राहते, मग घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्यावं. आपल्याकडं शाकाहारी घरांत बी-१२ आणि बायकांमध्ये लोह कमी निघणं नेहमीचं आहे. ते कमी असताना कितीही शिस्तीनं पळा, पाय जडच राहतात. बाळंतपणानंतर परतायचं असेल तर निदान बारा आठवडे जाऊ द्यावेत. लघवीवर ताबा राहत नसेल किंवा ओटीपोटात जडपणा वाटत असेल तर आणखी थांबावं आणि दाखवावं. गेल्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला असेल तर सांधे कित्येक महिने कुरकुर करतात. अशांनी खाली दिलेला प्रत्येक आठवडा दोनदा करावा.

सुरुवात कधी करायची, हे मराठवाड्यात फार महत्त्वाचं आहे. पुण्या-मुंबईकडचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं लागू होत नाही. जानेवारीत संकल्प करून सुरू केलेलं पळणं मार्चअखेर उन्हात सापडतं. अंतर वाढवायची वेळ आणि पारा ४० च्या पुढे जायची वेळ एकच येते, आणि एप्रिलमध्ये सगळं सुटतं. माझ्या मते मेच्या मध्यावर नुसतं चालणं सुरू करावं आणि मृग लागला की, म्हणजे ७ जूनच्या आसपास, पळणं. मग पावसाळा पाया बांधण्यात जातो, ऑक्टोबरची उष्णता निघून जाते तेव्हा लांब अंतर सुरू होतं, आणि डिसेंबरच्या थंडीत २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन गाठता येते. चालण्याचे तीन आणि पळण्याचे सत्तावीस आठवडे. हिशोब बरोबर बसतो.

चालणं वगळू नये. तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंत. शेवटच्या आठवड्यात ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालून व्हावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना काही दुखू नये. त्यानंतर घरात तीन गोष्टी तपासाव्यात. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, न थांबता पंधरा-वीस वेळा. एका पायावर जागच्या जागी दहा उड्या, न दुखता. आणि एका पायरीवरून हळूहळू खाली उतरताना गुडघा आत न वळणं. टाचांचं बहुतेकांना आठ-दहावरच थांबतं. तसं झालं तर पळणं पुढं ढकलायचं नाही, पण टाचांचा व्यायाम त्याच दिवसापासून सुरू करायचा.

आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांचा इथं एक फायदा असतो. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालून त्यांच्या हाडांना भाराची सवय झालेली असते. पण वारीहून आल्या आल्या पळायला लागू नये. दहा दिवस पाय उतरू द्यावेत, फोड भरू द्यावेत.

आता प्रत्यक्ष पळणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाच ते दहा मिनिटं चालणं. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्यात २ मिनिटं पळणं, २ चालणं, सहा वेळा. तिसऱ्यात ३ आणि २, पाच वेळा. चौथ्या आठवड्यात मागं यायचं, पुन्हा दुसऱ्या आठवड्याचंच करायचं. पाचव्यात ५ आणि २, चार वेळा. सहाव्यात ८ आणि २, तीन वेळा. सातव्यात १० मिनिटं पळून १ मिनिट चालणं, तीन वेळा. आठव्यात पुन्हा पाचव्या आठवड्यावर. नवव्यात सलग २० ते २५ मिनिटं आणि दहाव्यात सलग ३० मिनिटं.

जुन्या पळणाऱ्याला हे फार अपमानास्पद वाटतं. चौथ्या आठवड्यात तर हमखास मनात येतं की हे कशाला, मला सलग पाच किलोमीटर जातात. जातातही. पण चौथा आणि आठवा आठवडा हाडांसाठी आहे, दमासाठी नाही. हे दोन आठवडे गाळलेल्या आमच्यातल्या तिघांपैकी दोघांच्या नडग्या धरल्या. ज्यांनी पाळले त्यांना फार तर पोटऱ्या भरून आल्या.

वेग हा दुसरा सापळा. शरीराला जुना वेग आठवतो. पाय आपोआप त्या लयीत जातात आणि आपल्याला कळतही नाही. पहिले तीन महिने जुन्या सहज वेगापेक्षा किलोमीटरला दीड मिनिट हळू, हे धरून चालावं. पूर्वी सहा मिनिटांत किलोमीटर होत असेल तर आता साडेसात. घड्याळापेक्षा चांगली खूण म्हणजे बोलणं. एखादा अभंग मध्ये श्वास न तुटता ओळ-ओळ म्हणता आला पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. ठोके मोजायचे असतील तर २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करावेत. वय ४४ असेल तर ३०.८ वजा जाऊन १७७ च्या आसपास येतात. त्याचे ६५ ते ७५ टक्के, म्हणजे ११५ ते १३३. हा आकडा अंदाजाचाच असतो, एखाद्याचा दहा-बारा ठोक्यांनी इकडं-तिकडं असू शकतो. म्हणून बोलण्याची खूण वर ठेवावी. सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची सवय मात्र लावून घ्यावी. माझ्या नोंदीत सुरुवातीला ७४ होती, पाच महिन्यांनी ६० वर आली. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त आली तर झोप झालेली नसते, ताप येऊ घातलेला असतो किंवा आदल्या दिवशी जास्त झालेलं असतं. त्या दिवशी नुसतं चालावं.

वेग बिघडवणारी एक खास आपल्याकडची गोष्ट आहे. पहाटे कुठल्याही गावच्या मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरची तयारी करत असतात. फक्की मारलेल्या रेषेवर ती चार-चार फेऱ्या जीव तोडून मारतात, आणि त्यांच्या घोळक्यात आपण सापडलो की पाय त्यांच्या मागं ओढले जातात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळाला. किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद पडतात. हा आकडा या पोरांना पाठ आहे आणि तो पाठ असावाच, त्यांचं वय ते आहे. परतणाऱ्यानं मैदानाच्या बाहेरच्या कडेनं पळावं किंवा पोरं गेल्यावर जावं. आणखी एक, मैदानावर सगळे डावीकडंच वळतात. रोज त्याच बाजूला वळून आतल्या पायाच्या घोट्यावर आणि बाहेरच्या पायाच्या मांडीवर वेगवेगळा ताण येतो. मैदान रिकामं असेल तेव्हा उलट्या दिशेनं फिरावं.

कुठं पळायचं, यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथं जमीन फार फसवी आहे. सर्वांत उत्तम म्हणजे दबलेला मुरूम. कालव्याच्या कडेचा सेवारस्ता मिळत असेल तर त्याला तोड नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून परभणीकडं २०८ किलोमीटर जातो. सपाट, वाहनं कमी आणि पायाला बेताचा मऊ असा रस्ता त्याच्या कडेनं जिथं चांगला राहिलाय तिथल्या लोकांनी तो वापरावा. परभणीत कृषी विद्यापीठाचं आवार, छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं आवार, हे सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्यांचे नेहमीचे रस्ते. डांबरी रस्ता चालतो, सिमेंटचा सर्वांत शेवटी. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. कायम एकाच कडेनं पळालं तर एक पाय सतत खाली पडतो आणि महिनाभरात त्या बाजूचा खुबा किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. रहदारी असेल तर समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेनंच पळावं. तेव्हा उतार टाळायला शक्य तितका सपाट पट्टा शोधावा आणि आठवड्यातला एखादा दिवस मुरमावर काढावा.

काळी माती पावसात पायाला गोळे करून चिकटते. दहा पावलांत एकेक बूट अर्धा किलोचा होतो, चाल बदलते आणि मांडीच्या आतल्या बाजूला लचक भरते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, भेगेत टाच अडकून घोटा मुरगळतो. दोन्ही ऋतूंत शेतातली पायवाट नको. वेड्या बाभळीचा काटा तर पळण्याच्या बुटाचा मऊ तळ आरपार करतो. काटा मोडून आत राहिला तर चालताना टोचत नाही, पळताना टोचतो. म्हणून घरी आल्यावर बूट उलटे करून तळ हातानं तपासावा आणि चिमट्यानं काढावा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याला दहा वर्षं झाली असतील तर घेऊन टाकावं.

सप्टेंबरअखेरपासून सोयाबीन रस्त्यावर वाळत पडतं. लातूर-धाराशिवकडं तर अर्धा रस्ता त्यानं भरलेला असतो. त्या दाण्यांवर पाय अक्षरशः छर्ऱ्यांवर पडल्यासारखा निसटतो. मळणीच्या धुळीनं ज्यांना दमा आहे त्यांनी त्या पंधरवड्यात पहाटेच उरकावं. पुढं ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागची ट्रॉली वळणावर कडेला येते आणि बाहेर आलेला ऊस माणसाला सहज ओरखडतो. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आणि डोक्याला बॅटरी या मोसमात तरी पाहिजेच. कुत्री मागं लागली तर थांबावं, त्यांच्याकडं तोंड करून हळूहळू चालत निघावं. पळालं की ती येतातच. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद-चुना लावून बसू नये.

उतारांबद्दल एक सांगायला हवं. बालाघाटाच्या बाजूला राहणारे लोक चढाला घाबरतात. खरं नुकसान उतारावर होतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्याचे तंतू जास्त तुटतात. दोन दिवस जिना उतरता येत नाही. पहिले चार महिने चढ पळत चढला तरी चालेल, उतार मात्र चालत उतरावा.

बूट जुने काढू नयेत. माळ्यावर ठेवलेली जोडी वरून नवी दिसते, पण आतला फेस आपल्या उन्हाळ्यात कडक होतो आणि तळाचा डिंक सुकतो. अशा बुटाचा तळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी चपलेसारखा लोंबायला लागतो, आणि त्याआधीच कडक फेसानं नडगीला मार दिलेला असतो. नवे घेताना संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळतानाचेच मोजे घालून बघावेत, आणि अंगठ्यापुढं बोटाच्या रुंदीइतकी जागा सोडावी. परतणाऱ्यानं टाच पंजापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असलेले बूट घ्यावेत. सपाट बुटांत सगळा भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर जातो आणि तीच तर सध्या कच्ची आहे. एक जोडी पाचशे ते आठशे किलोमीटर टिकते. घेतल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत टाकावेत. पावसात भिजले तर आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि सावलीत वाऱ्याला ठेवावेत. ओल्या बुटांनी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पाय कोरडे करून पावडर, आणि तरी झालंच तर बुरशीचं मलम. सुती मोजे घामानं जड होऊन फोड आणतात, सिंथेटिक घ्यावेत. मांड्या आणि काखेत व्हॅसलिन लावावं, घासलेल्या जागी घाम लागला की पुढचे दोन दिवस चालणं अवघड होतं.

ऊन आणि पाणी. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, त्याआधी बाहेर पडायचं. डिसेंबरअखेर सूर्य सातला येतो, तेव्हा घाई नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात त्याच वेगाला ठोके दहा-पंधरा जास्त असणं साहजिक आहे. आपली मेची हवा कोरडी असते, घाम आल्या आल्या उडतो. अंग कोरडं दिसतं आणि घाम आलाच नाही असं वाटतं. जुलैमध्ये दमट हवेत तोच घाम गळतो आणि खूप वाटतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, वजनावर जावं. निघण्यापूर्वी आणि आल्यावर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावं. तासाभरात ९०० ग्रॅम घटलं आणि मध्ये २०० मिलिलिटर पाणी प्यालेलं असेल तर घाम १.१ लिटर गेला. ऋतू बदलला की पुन्हा मोजावं. तासाच्या आत पळणं असेल तर आधी एक ग्लास पाणी पुरतं. तासाच्या पुढे दर वीस मिनिटांनी दीडशे-दोनशे मिलिलिटर, तहानेप्रमाणे, आणि त्यात मीठ-साखर हवी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातलं ओआरएस आणलं तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालावं. एक लिटरची पुडी एका ग्लासात ढवळून पिणारे बरेच आहेत, त्यानं पोट बिघडतं आणि तहान वाढते. उलटं, नुसतं पाणी लिटर-लिटर ढोसणंही घातक. रक्तातलं सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी आणि पुढं झटके येऊ शकतात. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय.

सोबतचा कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या खायला लागला तर तो दमला असं समजून बसवून ठेवू नये. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. अंग गार करणं रुग्णवाहिकेची वाट बघत थांबवायचं नाही.

खाण्यात वेगळं काही आणावं लागत नाही. अर्ध्या तासाच्या पळण्याला उपाशी गेलं तरी चालतं. तासाच्या पुढे जाणार असाल तर अर्धा तास आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. आल्यावर तासाभरात भाकरी, डाळ, उसळ, दही असं व्यवस्थित जेवण. कमी पडतं ते प्रथिन. वजनाच्या किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम हवं, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीत सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात, पाव लिटर दुधात आठ, पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीत अकरा-बारा. दोन भाकऱ्या, ठेचा आणि पातळ वरण एवढ्यावर हे भरत नाही, मोजून बघा. श्रावणात साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्यांनी त्या दिवशी नुसतं चालावं, किंवा उपवासाला दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा धरावा. रोजे असतील तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हळू पळावं आणि महिनाभर अंतर वाढवूच नये.

रानात काम करणाऱ्यांना एक महत्त्वाचं. ज्या रात्री मोटारीला लाईट असते आणि पाणी द्यायला जावं लागतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं पळणं रद्द. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चिखलात चालणं हासुद्धा पायांवरचा भारच आहे, तो हिशोबात धरावा लागतो.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. पायरीच्या कडेला पंजे टेकवून टाचा वर-खाली, पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तेवढ्याच गुडघा थोडा वाकवून. वाकवून केल्यावर पोटरीच्या खालचा खोल स्नायू कामाला लागतो. पळताना सर्वांत जास्त भार तोच घेतो आणि बहुतेक जण त्यालाच विसरतात. सोपं व्हायला लागलं की पाठीवर दप्तरात पाच किलो पीठ. त्याशिवाय बैठका, उताणं झोपून एका पायावर कंबर उचलणं आणि कुशीवरचा प्लँक, म्हणजे एका कोपरावर अंग सरळ तोलून धरणं. पळण्याआधी ताणून धरण्याचे व्यायाम करण्यापेक्षा चालून अंग गरम करणं जास्त कामाचं.

दुखण्याचं मोजमाप शून्य ते दहामध्ये करावं. तीनपर्यंत दुखलं, पळताना वाढलं नाही आणि चोवीस तासांत गेलं तर ठरल्याप्रमाणे पुढं जावं. चार-पाच झालं किंवा दुसऱ्या सकाळीही उरलं तर एक आठवडा मागं. चाल लंगडी झाली तर तिथंच थांबून रिक्षानं घरी. नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल तर तो भाराचा त्रास आहे, आठवडाभर कमी केल्यावर उतरतो. पण बोटानं दाबल्यावर नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून एक्स-रे चांगला आला की पळायला लागू नये. एमआरआयमध्ये ते दिसतं. अशा वेळी सहसा सहा ते आठ आठवडे पळणं बंद.

सकाळचं पहिलं पाऊल टेकताना टाचेखाली कळ आणि दहा पावलांनंतर आराम, हे तळव्याचं दुखणं. बूट बदलावेत, टाचांचा व्यायाम करावा, घरात फरशीवर अनवाणी फिरू नये. टाचेच्या मागची शीर सकाळी आखडत असेल तर चढ आणि वेग दोन्ही बंद. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर पावलं लहान करावीत. अर्ध्या मिनिटात उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजून चारनं गुणावं. १५६ येत असेल तर त्याच वेगात १६४ पर्यंत न्यावं, गुडघ्यावरचा भार कमी होतो. पेनकिलर खाऊन पळणं मात्र कधीच नको. दुखणं झाकलं जातं, आणि घामानं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर जातात.

दहाव्या आठवड्यानंतर किलोमीटर मोजायला हरकत नाही. रविवारचं लांब पळणं ५ किलोमीटर, मग ६, मग उतरून ५. नंतर ७, ८, ९, उतरून ७. पुढे १०, ११, साडेबारा, उतरून ९. शेवटी १४, साडेपंधरा आणि चोविसाव्या आठवड्यात १७. मधले दोन दिवस ४ ते ६ किलोमीटर. चौथा दिवस चौदाव्या आठवड्यापासून, तोही छोटा. बाराव्या आठवड्यानंतर एका दिवशी शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार मोकळ्या दौडी, आणि सोळाव्यानंतर एका दिवशी मध्ये आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे, तीन-चार शब्द बोलता येतील इतक्या वेगानं. याहून जास्त वेगाचं काम पहिल्या वर्षात करूच नये असं माझं ठाम मत आहे. ताप आला, लग्नसराई आली, पेरणीनं आठवडा खाल्ला, तर बुडालेलं अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढायचं नाही. एक आठवडा गेला तर तिथूनच पुढं, दोन गेले तर दोन आठवडे मागं, महिना गेला तर निम्म्या अंतरावर.

पंचविसाव्या आठवड्यात लांब पळणं १२, सव्विसाव्यात ८, आणि शेवटच्या आठवड्यात अर्ध्या तासाचे दोन हलके दिवस. सतराच्या पुढचे चार किलोमीटर त्या दिवशी जातात, त्यासाठी आधी २१ पळून बघायची गरज नसते. शर्यतीच्या दिवशी नवे मोजे, नवा बूट, वाटेत वाटलं जाणारं अनोळखी एनर्जी जेल, काहीही नवीन नको. थंडीत सुरुवातीला कुडकुडायला होतं म्हणून जुना शर्ट वर घालावा आणि दुसऱ्या किलोमीटरला कमरेला बांधावा. किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगानं २ तास २७ मिनिटं ४१ सेकंद लागतात. तेवढं धरलं असेल तर पहिले पाच किलोमीटर सव्वासातनं जावं. गर्दी आणि ढोल-ताशे साडेसहानं ओढतात, आणि त्याची वसुली सोळाव्या किलोमीटरला होते. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी चालत प्यावं, अर्ध्या मिनिटाचाच फरक पडतो.

नंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चालणं. मांड्या भरलेल्या असतात, जोरात मालिश करून घेऊ नये, हलका हात पुरे. सातव्या दिवशी वीस मिनिटं पळून पाहावं, आणि दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरताना टाचा, नडग्या, गुडघे काय सांगतात ते वहीत लिहावं.